स्विस ट्रिपमधला एक शनिवार डोमोदोसोलाच्या बाजारासाठी काढा

युंगफ्राऊ झालं, टिटलिस झालं, तरी लोक चौथ्या दिवशी परत बर्फच बघायला जातात, कमाल आहे. त्यापेक्षा एक दिवस आल्प्सच्या पलीकडे इटलीत डोमोदोसोलाला जा. ओसोला खोऱ्यातलं छोटंसं बाजाराचं गाव आहे, पण जायचं ते शनिवारीच, इतर वारी मुद्दाम वाट वाकडी करण्याइतकं काही नाही. या बाजाराची परवानगी इटलीचा राजा बेरेंगार याने ९१७ साली दिली होती, देवगिरीच्या यादवांचं स्वतंत्र राज्यसुद्धा त्याच्या नंतरचं!

स्वित्झर्लंडमधल्या ब्रिगहून ट्रेन पकडा, अर्धा-पाऊण तासात पोचता. मधे सिंप्लॉनचा बोगदा लागतो, जवळजवळ २० किलोमीटरचा, १९०६ मध्ये सुरू झालेला, आणि बॉर्डर त्या अंधारातच कधीतरी ओलांडली जाते. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो पण ओरिजिनल पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून येऊ नका, गाडीत चेकिंग होतं कधीकधी. स्विस ट्रॅव्हल पास डोमोदोसोलापर्यंत चालतो, तरी जायच्या आधी स्विस रेल्वेच्या ॲपवर एकदा बघून घ्या. मिलानहून येणार असाल तर साधारण दीड तास.

स्टेशनवरून सरळ चालत दहा मिनिटांत पियात्सा मेर्कातो, म्हणजे बाजारचौक. कमानींचे जुने दगडी वाडे, वर लाकडी-लोखंडी गॅलऱ्या, छपरांवर कौलं नाहीत तर दगडाच्या लाद्या. बाजार या चौकात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर भरतो. कपडे, चपला, भांडी यांचे स्टॉल भरपूर आहेत, सीमेपलीकडचे स्विस लोकसुद्धा स्वस्त पडतं म्हणून पिशव्या घेऊन येतात, पण आपण त्यात वेळ घालवायचा नाही, चीजच्या गाड्या शोधायच्या. व्हॅनची एक बाजू उघडली की आत काचेचा काउंटर, मागे चीजची मोठमोठी चाकं रचलेली, नुसतं रेंगाळलात तरी दुकानदार एक पातळ काप सुरीच्या टोकावर पुढे करतो. चव घ्या, लाजू नका. बेत्तेलमात्त नावाचं चीज मिळालं तर घ्याच, उन्हाळ्यात वरच्या मोजक्याच कुरणांवर बनतं त्यामुळे महाग आहे, म्हणून थोडंच मागा. इथे माप 'एत्तो'मध्ये चालतं, उन एत्तो म्हणजे १०० ग्रॅम, दुए एत्ती म्हणजे २००, एवढं आलं की काम झालं. किलोचा भाव बघून दचकू नका. युरो कॅश सुट्टी ठेवा.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात घ्या, पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचं विरजण) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी कोइमो गावचा काळा राय धान्याचा ब्रेड आणि फळं घ्यावीत. जेवायला न्योक्की आल्ल'ओसोलाना, चेस्टनटचं पीठ आणि लाल भोपळा घालून केलेले गोळे, मस्त लागतात, फक्त 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, म्हणून आधी विचारा. आणि हे जेवण दोनच्या आत उरका कारण नंतर किचन बंद होतात, स्टॉलवालेही आवरायला लागलेले असतात.

पाय शाबूत असतील तर साक्रो मोंते काल्व्हारियोवर चढून या, १६५७ मध्ये कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी सुरू केलेली चॅपल्सची टेकडी आहे, युनेस्कोच्या यादीत आहे, गर्दी नसते.

परत त्याच रस्त्याने मात्र जाऊ नका. स्टेशनच्या खाली, अंडरग्राउंड प्लॅटफॉर्मवरून चेंतोव्हालीची छोटी ट्रेन सुटते (पाटी नीट बघा, वर शोधत बसलात तर गाडी गेली), ती दोनेक तासांत परत स्वित्झर्लंडमध्ये लोकार्नोला पोचवते, ५२ किलोमीटरमध्ये ८३ पूल आणि ३१ बोगदे. पॅनोरामिक डब्याला थोडा जास्तीचा चार्ज पडतो. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा ही गाडी खचाखच असते, त्या दिवसांत सीट आधी बुक करा. सलामी वगैरे घेतली असेल तर स्वित्झर्लंडमध्ये नेताना माणशी १ किलोपर्यंतच मांसाचे पदार्थ ड्यूटी न भरता चालतात, चीज व्हॅक्यूम पॅक करून मागा, नाहीतर अख्ख्या डब्याला कळतं तुम्ही काय खरेदी केलीत.