स्टॉक फोटोची फ्री ट्रायल घेताय? कार्ड जरा खिशातच ठेवा

होमस्टेचे पत्रक, काजूच्या पाकिटाचे लेबल, शॅकचे मेनूकार्ड, इन्स्टाग्रामची पोस्ट. गोव्यात छोट्या धंद्यांची डिझाइनची कामे करणाऱ्याला रोज फोटो लागतात आणि गिऱ्हाईक हमखास सांगते, "गूगलवरून घे मरे एक!" गूगल फोटो शोधून देते, वापरायची परवानगी देत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे 'जुना आहे, कोण विचारतो' हीही पळवाट नाही.

सुरुवात कामापासून करा, फोटोपासून नव्हे. फोटो कुठे लागणार, अंदाजे किती प्रती छापणार, आणि तो विकायच्या वस्तूवर येणार का, एवढे आधी लिहून काढा. लायसन्स यावरच ठरते.

'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की दर वापराला पुन्हा भरावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या फोटो विकणाऱ्या दोन्ही साइटच्या साध्या लायसन्सवर ५ लाख प्रतींपर्यंत छपाई चालते. दिवाडीवरच्या चार खोल्यांच्या होमस्टेला ५ लाख पत्रके कधी लागणार? तेव्हा कोणी महागडे, जादा हक्कांचे एक्स्टेंडेड लायसन्स घ्यायला सांगितले तर सरळ नाही म्हणा. अपवाद एकच, पण गोव्यात तो वारंवार येतो: फ्रिजवर लावायचे मॅग्नेट, टी-शर्ट, मग. काजूच्या लेबलावर कोपऱ्यात फोटो असला तरी गिऱ्हाईक काजूच घेते. मॅग्नेट मात्र त्यावरच्या चित्रासाठीच विकला जातो. तिथे एक्स्टेंडेड घ्यावेच लागते.

फोटोखाली 'एडिटोरियल' लिहिले असेल तर जाहिरातीसाठी तो विसरा. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकांचे चांगले फोटो बहुतेक याच खणात सापडतात. त्यांत ओळखू येणारी माणसे असतात आणि त्यांची लेखी संमती कोणी घेतलेली नसते. बातमीला चालतील, हॉटेलच्या फलकाला नाही. स्वतः कॅमेरा घेऊन बाहेर पडलात तरी संमतीचा प्रश्न सुटत नाही. अनोळखी माणसांचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्यांचे आणि उन्हात पहुडलेल्यांचे फोटो न विचारता काढू नका, असे गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांना बजावले होते.

पैसे खर्च करण्याआधी अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या फुकट फोटोंच्या साइट पाहून घ्या. धंद्यासाठी चालतात, नावही द्यावे लागत नाही. फक्त अनस्प्लॅशवर शोधताना विकतचे फोटोही मध्ये मध्ये दिसतात, तेवढे डोळे उघडे ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलात तर बहुतेक वेळा छायाचित्रकाराचे नाव आणि लायसन्स छापावे लागते.

आता ट्रायल, म्हणजे विकतच्या साइटचे सबस्क्रिप्शन काही दिवस फुकट वापरून पाहणे. सगळ्या प्रकारात मला समजायला सर्वांत जास्त वेळ लागला तो हा टप्पा, आणि सर्वांत भिकार सल्लाही इथेच मिळतो: 'ट्रायल घ्या, फोटो उतरवा, बंद करा.' बंद कशी करायची आणि ती कशात बदलते, हे मात्र कोणी सांगत नाही.

सबस्क्रिप्शनचे दर बहुतेक तीन प्रकारचे असतात. महिन्याचा, वर्षाचा एकरकमी, आणि मधला फसवा: करार वर्षाचा, हप्ता महिन्याचा. ट्रायल बहुतेक या मधल्याला बांधलेली असते. ठळक अक्षरात महिन्याचा आकडा दिसतो, 'ॲन्युअल, बिल्ड मंथली' हे शब्द त्याच्याखाली बारीक असतात. बटण दाबण्याआधी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढा. हे मी आळस न करता दरवेळी करतो.

हा करार मध्येच मोडला तर काय होते? अडोबीचा नियम असा की पहिल्या १४ दिवसांत रद्द केले तर पैसे परत, त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे भरायचे. समजा हप्ता २,००० रुपयांचा आहे आणि तीन हप्ते भरून तुम्ही बाहेर पडलात. राहिले ९ महिने, म्हणजे १८,०००. त्याचे निम्मे ९,००० रुपये, आणि हातात एकही नवा फोटो नाही. हे शुल्क ग्राहकांपासून दडवून ठेवल्याचा आरोप करत अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून अडोबीवर खटलाच भरला. तेव्हा बारीक अक्षरे वाचायचा कंटाळा करू नका.

'कार्ड ब्लॉक केले की सुटलो' हे दुसरे खूळ. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना बँकेने २४ तास आधी द्यायची असते आणि मँडेट, म्हणजे हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी, रद्द करायची सोयही द्यायची असते. सोय चांगली आहे, वापरा. पण मँडेट रद्द केल्याने पैसे जायचे थांबतात, कंपनीशी केलेला करार मोडत नाही. तो मोडायला त्यांच्याच साइटवर जावे लागते. शिवाय १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला पहिल्या नोंदणीनंतर ओटीपी लागत नाही. म्हणून 'ओटीपी आला नाही, म्हणजे पैसे गेले नसतील' असे समजून स्वस्थ बसू नका.

ट्रायल घ्यायचीच असेल तर कोणते फोटो हवेत ते आधी निवडून ठेवा. खाते उघडल्या दिवशीच फोनमध्ये गजर लावा, संपायच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा, कारण ती तारीख भारतीय वेळेनुसारच असेल असे नाही. फोटो आधी उतरवा, मग रद्द करा. काही ठिकाणी रद्द करताच उरलेले डाउनलोड जातात. रद्द करताना 'थांबा, दोन महिने फुकट देतो' अशी पाने एकामागून एक येतील. शेवटपर्यंत जा. पुष्टीची मेल हातात येईपर्यंत रद्द झाले असे धरू नका.

वर्षाचे सबस्क्रिप्शन घ्यावे का? माझे मत विचाराल तर गोव्यातल्या एकट्या डिझाइनरने घेऊ नये. सीझनला कामाची झुंबड, आणि जूनमध्ये पाऊस लागला की निम्मी गिऱ्हाइके शटर ओढतात. हप्ता मात्र पावसातही जातो. त्यापेक्षा लागतील तेवढ्या फोटोंचा पॅक घ्या. शटरस्टॉकचे असे पॅक वर्षभर चालतात. दर डॉलरमध्ये असेल तर बँकेचे मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी धरून हिशेब करा, आणि जीएसटी नंबर असेल तर खाते उघडतानाच भरा.

फोटो निवडताना एक पाहा. 'गोवा बीच' म्हणून शोधले की थायलंडचे किनारेही समोर येतात. नाकाला रंगीत फिती बांधलेली लांब होडी दिसली की समजा, फोटो तिकडचा. आपल्या होडीला बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारे लाकूड, असते. कोळवेच्या गेस्टहाउसच्या पत्रकावर फुकेतची होडी आली तर पाहुण्यांना कळेल न कळेल, गावातल्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, पहिल्या नजरेत कळते, आणि तो गप्प बसत नाही.

फोटो उतरवला की बिल आणि लायसन्सची पीडीएफ त्याच कामाच्या फोल्डरमध्ये टाका. गिऱ्हाइकाला तयार डिझाइन द्या, मूळ फोटोची फाइल सुटी देऊ नका. साध्या लायसन्समध्ये ते बसत नाही. आणि फोटोचा खर्च बिलात वेगळ्या ओळीत दाखवा, 'डिझाइन'मध्ये गिळून टाकू नका.