सार्वजनिक आरोग्याची भविष्यचित्रे कशी रेखाटावीत

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये दिलेल्या नोबेल व्याख्यानाच्या अखेरीस एक काल्पनिक प्रसंग मांडला होता. घसा दुखणारा एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणून अपुऱ्या मात्रेत घेतो, जंतू औषधाला सरावतात, पुढे त्याच जंतूंमुळे त्याच्या पत्नीला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती दगावते. जंतू औषधाला सरावतात हे प्रयोगशाळेत दिसलेच होते. फ्लेमिंग यांनी ते एका घरात नेऊन दाखवले. आरोग्य विभागाला भविष्याची तयारी करायची असेल, तर नेमके हेच करायचे असते. त्याला भाकीत म्हणू नये, कारण भाकीत चुकले की सारी तयारीच वाया गेली असे वाटू लागते.

सुरुवात प्रश्नापासून करावी, आणि तो ज्यावर निर्णय अडला आहे असाच असावा. ‘आरोग्याचे भवितव्य’ हा विषय भाषणाला ठीक आहे. ‘पुढील पंधरा वर्षांसाठी परिचारिकांचे प्रशिक्षण कशावर बेतावे’ यावर काम करता येते. चर्चेला साथरोगतज्ज्ञांबरोबर पशुवैद्य, हवामान अभ्यासक, औषधभांडाराचा कर्मचारी आणि रुग्णांचे नातेवाईकही बोलवावेत.

त्यानंतर बऱ्यापैकी निश्चित बाबी, उदाहरणार्थ लोकसंख्येचे वाढते वय आणि वाढता उष्मा, एका बाजूला ठेवाव्यात आणि अनिश्चित बाबींपैकी सर्वांत परिणामकारक दोन निवडून, प्रत्येकीची दोन टोके धरून, त्यांच्या चार जोड्यांतून भविष्याची चार चित्रे तयार करावीत. त्या दोन बाबी एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. लोकांचा विश्वास आणि लसीकरणाचा प्रतिसाद अशी जोडी घेतली, तर एक वाढला की दुसराही वाढत असल्याने चारांतली दोन चित्रे पोकळच राहतात.

खरी मेहनत चित्र लिहिण्यात आहे. आकडेवारीचा तक्ता न देता एका माणसाचा एक दिवस लिहावा: सलग नवव्या उष्ण रात्रीनंतर पहाटे वीज गेली आहे, लसींच्या शीतपेटीचे तापमान चढते आहे, आणि कामावर असलेल्या एकमेव परिचारिकेचे मूलही घरी तापाने फणफणले आहे. ती प्रथम कोणाला दूरध्वनी करेल? तो क्रमांक कोणाच्याच यादीत नसेल, तर तयारीतले पहिले छिद्र सापडले असे समजावे.

मग रंगीत तालीम घ्यावी. ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘सिग्नस’ नावाची तालीम घेतली; कल्पिलेली साथ इन्फ्लुएन्झाची होती आणि गंभीर साथीचा ताण पेलण्याइतकी देशाची तयारी नाही, असा निष्कर्ष निघाला. तो अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला २०२० मध्ये, कोविडची साथ सुरू असताना. म्हणून प्रत्येक निष्कर्षासमोर जबाबदार व्यक्ती, मुदत आणि निधी लिहिल्याशिवाय तालीम संपली असे मानू नये.

चारही चित्रांत उपयोगी पडणारी कामे लगेच हाती घ्यावीत. एकाच चित्रात लागणाऱ्या कामांसाठी खूण ठरवून ठेवावी: अमुक जंतूंचे औषधाला दाद न देणारे नमुने अमुक प्रमाणाबाहेर गेले की पर्यायी औषधाचा साठा सुरू करायचा. खुणांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती नेमावी आणि दर वर्षी चित्रे पुन्हा वाचावीत. मुदत उलटूनही न झालेले काम त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत सर्वांत वर घ्यावे.