सहलीला काय नेता येईल? लपलेल्या नियमाचा खेळ रंगवायचा कसा

"आपण सहलीला चाललोय. मी चिंच घेतलीये. तू काय घेणार?" "आवळा." "नाही, आवळा चालणार नाही."

एवढाच खेळ. ज्याच्यावर राज्य, त्याच्या मनात एक नियम असतो. बाकीचे भिडू पाळीपाळीने वस्तू सुचवतात आणि "चालेल" किंवा "नाही" एवढ्यावरून तो नियम शोधतात. सामान काही लागत नाही, पाच ते आठ जण पुरतात आणि एक डाव वीस मिनिटांत होतो. तरीही पुष्कळ घरांत दुसऱ्याच डावाला लोक मोबाइल काढतात, आणि मग "कोणाला डोकंच चालवायचं नाही" असा ठपका भिडूंवर येतो. डाव बहुतेक वेळा राज्य घेणाऱ्याने नियम निवडतानाच बिघडवलेला असतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या.

आधी बारीकसारीक उरकून टाकू. गोल करून बसा. राज्य घेणाऱ्याने नियम चिठ्ठीवर लिहायचा आणि घडी घालून सगळ्यांसमोर ठेवायचा. मनातल्या मनात नियम बदलायची वाट त्यामुळे बंद होते. एका मोठ्या कागदावर "चालेल" आणि "नाही" असे दोन रकाने आखा, येणारा प्रत्येक शब्द तिथे लिहा.

आता नियम. पहिली अट अशी की जगातला कुठलाही शब्द समोर आला तरी तुम्हाला दोन सेकंदांत, शंका न येता, निवाडा करता आला पाहिजे. "प्रवासात उपयोगी पडणाऱ्या वस्तू", "मला आवडणाऱ्या वस्तू" असले नियम ठेवूच नका. छत्री उपयोगी की नाही यावर वाद होतो आणि खेळ तिथेच मरतो. नियम शब्दाच्या रूपाचा ठेवा, अर्थाचा नको. इंग्रजीत "ग्रीन ग्लास डोअर" नावाचा याच जातीचा खेळ आहे. त्या दारातून ॲपल जातं, ऑरेंज जात नाही, कारण स्पेलिंगमध्ये एकच अक्षर लागोपाठ दोनदा यावं लागतं. तो नियम जसाच्या तसा मराठीत आणता येत नाही, आणायची गरजही नाही. आपल्याकडे आपले नियम भरपूर आहेत.

पहिल्या डावाला "दोनच अक्षरांचे शब्द" घ्या. दुसऱ्याला "एकच अक्षर दोनदा आलेले शब्द": पापड, काकडी, चमचा. काना-मात्रा धरायच्या नाहीत हे चिठ्ठीवर लिहून टाका. मंडळी मुरली की "अंगावर अनुस्वार असलेले शब्द". शेवटी लिंग: फक्त "तो" म्हणता येणाऱ्या वस्तू चालतील. हा शेवटचा सर्वांत सुंदर, कारण मराठी बोलणारा प्रत्येक जण हा नियम दिवसभर वापरतो आणि तरीही इथे तो ओळखायला त्याला वेळ लागतो.

अशा नियमांत खड्डे असतात, ते आधी बुजवा.

"जोडाक्षर असलेले शब्द" हा नियम कोणालाही सुचेल, पण तो बोलून खेळायला कठीण. "चमचा" आपण "चम्चा" म्हणतो, "सरबत" कानाला "सर्बत" लागतं. लिहिताना जोडाक्षर नाही, ऐकताना आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम तर घेऊच नका, तो फरक कानाला पुरता कळत नाही. अनुस्वारात "केळं" आणि "लोणचं" अडवतात. टिंब दिसतं, पण नाकातला उच्चार नाही, आणि कोणी "केळे" लिहिलं की टिंबही गेलं. म्हणून चिठ्ठीवर "शेवटच्या अक्षरावरचा अनुस्वार धरायचा नाही" अशी ओळ घाला. लिंगाच्या नियमात "पेन" कोणाचा तो, कोणाचं ते. "वेळ" आणि "तंबाखू" यांचंही तसंच. असे शब्द आले तर "हा शब्द सोडून द्या, दुसरा सांगा" एवढंच म्हणा.

आणि लिंगाचा नियम असताना जीभ सांभाळा. "हा चालतो, ही चालत नाही" असं तोंडातून गेलं की नियम फुटलाच. उत्तर नेहमी "चालेल" किंवा "नाही". "चालेल" तिन्ही लिंगांना सारखंच, म्हणून तोच शब्द पक्का करा.

यानंतरची पायरी लोक सगळ्यात हलक्यात घेतात: सुरुवातीची उदाहरणं. बसल्या जागी सुचतील ती द्यायची नाहीत, चिठ्ठी लिहितानाच ठरवायची. समजा नियम अनुस्वाराचा आहे आणि तुम्ही म्हणालात, "चिंच चालेल, आवळा नाही. कंदील चालेल, दिवा नाही." वरवर झकास. दोन आंबट वस्तू, दोन उजेडाच्या वस्तू, म्हणजे अर्थाशी संबंध नाही हे लगेच कळलं. पण नीट बघा. नाकारलेल्या दोन्ही शब्दांच्या शेवटी काना आहे, दोन्हींत "व" आहे, आणि चाललेल्या दोन्हींत अनुस्वार पहिल्याच अक्षरावर आहे. भिडू आता तीन चुकीच्या वाटांनी जाणार आणि दहा मिनिटं परत येणार नाहीत. "दिवा" काढून "समई" घाला, काना आणि "व" दोन्ही वाटा बंद. तिसरी जोडी द्या: "करंजी चालेल, लाडू नाही." अनुस्वार दुसऱ्या अक्षरावर गेला. दोन फळं किंवा दोन भांडी सलग "चालेल" म्हणून देऊ नका, सगळे त्याच कोपऱ्यात अडकतात.

अडकतात ते का, हे इंग्लंडमधल्या पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 मध्ये दाखवलं. त्याने लोकांना 2, 4, 6 हे आकडे दिले आणि यामागचा नियम शोधायला सांगितलं. बरेच जण 8, 10, 12 असे आपल्या अंदाजात बसणारेच आकडे विचारत राहिले आणि "दोनाने वाढणारे" असं ठामपणे सांगून मोकळे झाले. नियम होता फक्त "चढत्या क्रमाने". 1, 2, 3 विचारलं असतं तरी शंका आली असती. म्हणून डाव सुरू होण्याआधी भिडूंना एकच सूचना द्या: आपल्या अंदाजाप्रमाणे जी वस्तू नाकारली जाईल, ती मुद्दाम विचारा. या एका वाक्याने खेळाचा वेग दुपटीने वाढल्यासारखा वाटतो.

खेळताना चुकीचा निवाडा दिला गेला तर लाजू नका, त्याच क्षणी मोठ्याने सुधारा: "मगाशी पतंगाला नाही म्हटलं, ते चुकलं. पतंग चालेल." गप्प बसलात तर ज्याने खरा नियम ओळखला होता तोच त्यावर काट मारून पुढे जातो.

नियम सापडला असं ज्याला वाटेल, त्याने तो मोठ्याने सांगायचा नाही. त्याने चालणाऱ्या तीन आणि न चालणाऱ्या दोन वस्तू सलग सांगायच्या. पाचही बरोबर आल्या की तो राज्य घेणाऱ्याच्या बाजूला येऊन बसतो आणि निवाड्याला मदत करतो.

विचारणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर, डावीकडच्या माणसाचं नाव असले नियम फार लोकप्रिय आहेत. ते रात्रीत एकदाच, शेवटी घ्या, आणि "एकाच वस्तूचं उत्तर माणसागणिक बदलू शकतं" हे आधी सांगा. न सांगता खेळलात तर भिडू त्याला रडीचा डाव म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल. मांडीवर मांडी, बोलण्याआधीचा खोकला असले नियम वगळा. ज्यांना माहीत ते हसतात, बाकीचे ओशाळतात.

ज्यांना पत्ते आवडतात त्यांनी रॉबर्ट ॲबटचा 1956 मधला "एल्युसिस" हा पत्त्यांचा खेळ बघावा. एक पान दुसऱ्यावर बसतं की नाही याचा नियम तिथे शोधायचा असतो. साधा नियम: लाल पानावर काळं, काळ्यावर लाल. कोणालाच सापडणार नाही असा नियम करणं तिथे राज्य घेणाऱ्याच्याही फायद्याचं नसतं, अशीच त्याची गुणपद्धती आहे. सहलीच्या खेळातही तेच माप धरा. वीस मिनिटांत निम्म्या भिडूंना सापडला तर नियम योग्य.

शेवटी एखाद-दोघे उरतातच. त्यांना हिणवू नका आणि चिठ्ठीही उघडू नका. अगदी सख्खे दिसणारे शब्द जोडीने द्या, सावकाश, एकाखाली एक लिहून. "रंग चालेल, रग नाही. गंज चालेल, गज नाही."