ग्राहक आयोगात जाण्याआधी: फसव्या जाहिरातीविरुद्धच्या तक्रारीची तयारी

फसवलं गेल्याचं लक्षात आलं की माणूस आधी कस्टमर केअरला फोन लावतो आणि अर्धा तास भांडतो. ते भांडण नंतर करा, आधी जाहिरात पकडा. विकणाऱ्याने जे आश्वासन दिलं ते वेबसाइटवर, ॲपमध्ये अजून दिसतंय तोवर स्क्रीनशॉट घ्या. त्यात पानाचा पत्ता, तारीख आणि तळाची बारीक अक्षरातली अट, तिन्ही यायला हवं. आमच्याकडे पाण्याचा फिल्टर 'दोन वर्षं सर्व्हिस मोफत' म्हणून आला आणि सातव्या महिन्यात मेकॅनिकने व्हिजिटचे पैसे मागितले. तोवर कंपनीच्या पानावर दोन वर्षांचे सहा महिने झाले होते. माळ्यावरचं खोकं खाली काढलं, तर झाकणाच्या एका पाकळीवर जुना मजकूर जसाच्या तसा छापलेला! तेव्हा खोकं, वॉरंटी कार्ड, सोबतचं पत्रक यातलं काहीही रद्दीत घालू नका.

मग बिल. ते दिलंच नसेल तर मागून घ्या, कारण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. तोवर बँकेचं स्टेटमेंट किंवा यूपीआयची नोंद काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर सोयीचे दोन मेसेज न निवडता सगळं संभाषण जपा. फोनवर झालं असेल तर त्याच दिवशी 'आज आपण असं असं म्हणालात' एवढा ईमेल टाका. समोरून उत्तर आलं नाही तरी त्याचा उपयोग होतो.

आता एक कोरा कागद घेऊन तारीखवार घटना लिहा: जाहिरात कधी पाहिली, पैसे कधी दिले, बिनसलं कधी, पहिली तक्रार कधी, नकार कधी. हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढे तक्रारीत नुसता संताप उरतो. मुदतही याच कागदावर कळते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. उशीर झालाच तर सबळ कारण द्यावं लागतं, आणि 'कंपनी आज करतो, उद्या करतो म्हणत राहिली' यावर फार विसंबू नका.

वस्तू कशासाठी घेतली होती तेही आधीच स्वतःला विचारा. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी घेतली असेल तर तुम्ही या कायद्याने ग्राहक ठरत नाही. मात्र स्वयंरोजगार म्हणून, स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेलं शिलाई मशीन चालतं.

आयोगाआधीच्या पायऱ्या चढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथला तक्रार क्रमांक टिपून घ्या. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं नियमाने बंधनकारक आहे. त्यानंतर पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

घोडं अडतं ते बहुतेक वेळा नावापाशी. दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं, बिलावरच्या जीएसटी क्रमांकामागची फर्म वेगळी. सामनेवाल्याचं अचूक नाव-पत्ता नसेल तर आयोगाची नोटीस परत येते आणि तारखांवर तारखा पडतात. विक्रेता आणि उत्पादक, दोघांचाही दोष असेल तर दोघांनाही सामील करा.

जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची, राज्य आयोगात त्यापुढे २ कोटींपर्यंतची प्रकरणं जातात. हा आकडा तुम्ही मोजलेल्या किमतीचा धरायचा, मागितलेल्या भरपाईचा नाही. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार चालते, कंपनीच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत.

मागणीचा परिच्छेद मात्र मन लावून लिहा. दुरुस्ती, बदली वस्तू की व्याजासह परतावा, हे स्पष्ट हवं. मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा. ती जाहिरात बंद करण्याचा आदेशही मागता येतो. एकाच जाहिरातीने अनेकांना गंडवलं जात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार करा. प्राधिकरण १० लाखांपर्यंत, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. त्यातला रुपयाही तुमच्या हातात पडत नाही, म्हणून स्वतःच्या पैशांसाठी आयोगाची वाट सोडू नका.

शेवटी फाइल: तक्रार, शपथपत्र, कागदपत्रांची यादी, प्रत्येक पानावर क्रमांक, आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक जादा संच. तडजोडीचा, मध्यस्थीचा विषय निघू शकतो, म्हणून किती कमीवर तयार व्हायचं तो आकडा घरीच ठरवून जा. आणि खोक्याचा फोटो फाइलला लावला तरी ती पाकळी कापू नका. मूळ दाखवा म्हटलं तर सबंध खोकंच घेऊन जाता आलं पाहिजे.