पंखा फिरला म्हणजे सप्लाय चांगला, असं नसतं

भाच्याचा कॉम्प्युटर गेम लावला की धाडकन बंद पडायचा. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, ४५० वॅटचा जुना पॉवर सप्लाय (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणला. दुकानदाराने हिरवी वायर काळीला टेकवून, म्हणजे कॉम्प्युटरशिवायच तो सुरू करून, पंखा फिरवून दाखवला, “चालू आहे साहेब!”

घरी आधी मागचा लाल स्विच पाहिला. तो ११५ वर होता! तसाच २३० व्होल्टच्या प्लगला लावला असता तर फटाकाच. स्विच २३० वर सरकवला. मग हलवून पाहिलं, वास घेतला. जाळीतून टॉर्च मारला तर एका कपॅसिटरचं (वीज साठवणारा छोटा डबा) डोकं फुगलेलं, वर तपकिरी खरपुडी, म्हणजे तो खराब. (उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर धरून बसलेला असू शकतो.)

तरी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. कॉम्प्युटरला न जोडता, तसाच हिरवी-काळी टेकवून, पिवळ्या-काळ्यावर १२.१ व्होल्ट. छान! मग भार पडावा म्हणून त्याच दोन वायरींवर गाडीचा ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब लावला, आकडा घसरत ११.२. चालतात ११.४ ते १२.६. लाल वायरीला ४.७५ ते ५.२५ हवेत, नारिंगीला साधारण ३.१४ ते ३.४७.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. कुरकुर करत त्याने बदलून दिला. दुसऱ्यावर तोच बल्ब अर्धा तास जळत ठेवला: ११.९, हलला नाही. बल्ब इतका तापतो की आईची फरशी थोडक्यात वाचली. आता गेम बंद पडत नाही. अभ्यासाचं मात्र बहिणीला विचारा.