खुळखुळ्याच्या शेंगा काळ्या पडण्याआधी बांध साफ करा

पाऊस ओसरला की बांधावर, पडीक रानात खुळखुळा पिवळ्या फुलांनी डवरतो. मागोमाग फुगीर, गुळगुळीत शेंगा लागतात. त्या वाळून काळ्या पडल्या की आतलं बी सुटं होऊन वाजतं, शेंग तडकते आणि बी जमिनीवर सांडतं. बियांचं कवच कठीण, त्यामुळे ती पुढच्या पावसाळ्यांतही उगवत राहतात. म्हणून शेंगा हिरव्या असताना, जमिनीत ओल आहे तोवरच झुडूप सोटमुळासकट उपटा. नुसतं कापलं तर बुडखा पुन्हा फुटतो.

घाई करायचं खरं कारण जनावरं. खुळखुळ्यात मोनोक्रोटॅलिन हे विष असतं, बियांत सर्वाधिक. ते यकृत निकामी करतं, पण लक्षणं कित्येकदा आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात. त्यामुळे वैरणीवर संशयच जात नाही. जनावर चारा कमी खातं, खंगतं, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो. घोडा भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो. या विषावर खात्रीचा उतारा नाही. घोडे, डुकरं आणि कोंबड्यांना धोका मोठा. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने तग धरतात, तरी त्यांनाही घालू नका.

उभं हिरवं झुडूप जनावर सहसा टाळतं. बांधावरचं गवत कापून कुट्टी केली की मात्र त्याला निवडता येत नाही, आणि वाळवल्याने विष जात नाही. कुट्टीआधी पेंढी सोडून बघा: पान देठाकडे निमुळतं, टोकाशी रुंद आणि मधोमध किंचित खाच.

धान्याचंही तसंच. छत्तीसगडातल्या सरगुजा भागात 1970 च्या दशकात याच कुळातल्या एका रानवनस्पतीचं बी गोंदली या बारीक तृणधान्यात मिसळलं गेलं आणि ते खाऊन माणसं यकृताच्या आजाराने दगावली. खुळखुळ्याचं बी आकाराने ज्वारीच्या जवळपास, चाळणीतून नीट वेगळं होत नाही. पिकातली झुडपं कापणीआधीच काढा.

झुडूप शेंगवर्गीय आहे, मुळांवर नत्राच्या गाठी असतात. शेंगा धरण्याआधी उपटलेलं झुडूप, चराई नसलेल्या बागेत आच्छादन म्हणून पसरायला हरकत नाही. शेंगा लागलेली झुडपं पोत्यात भरून न्या, उकिरड्यावर टाकू नका. शेणखताबरोबर बी शेतात परत येतं. हिरवळीच्या खतासाठी मात्र तागच पेरा.

जिथे चराईही नाही आणि पीकही नाही, तिथली झुडपं राहू द्या. ब्लू टायगर फुलपाखरं त्यांचा रस शोषायला येतात.