एका हबवर सहा पंखे : कॅबिनेटमधली जोडणी कशी करावी

मदरबोर्डवर पंख्यांसाठी दोन-तीनच हेडर (पंख्याची तार जोडायच्या पिना) आणि कॅबिनेटमध्ये बसवायचे सहा पंखे, अशा वेळी फॅन हब, म्हणजे एका हेडरवरून अनेक पंखे चालवणारी छोटी पट्टी, घ्यावा लागतो. जोडणी अवघड नाही, पण एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या: पंख्यांना वीज एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) देणार आणि किती वेगाने फिरायचं ते मदरबोर्ड सांगणार.

सुरुवात हिशेबाने करा. पंख्याच्या मधोमध असलेल्या स्टिकरवर १२ व्होल्ट आणि त्याशेजारी अँपिअरचा आकडा छापलेला असतो. ०.२५ अँपिअरचे सहा पंखे म्हणजे दीड अँपिअर, म्हणजेच १८ वॅट. मदरबोर्डचा एक हेडर सहसा १ अँपिअरच देतो आणि पंखा सुरू होताना थोडा जास्तच करंट ओढतो. म्हणून स्प्लिटर (एका तारेचे अनेक फाटे करणारी केबल) लावून सगळे पंखे एकाच हेडरवर टाकू नका. हेडर जळला तर मदरबोर्डलाच फटका बसतो. एसएमपीएसमधून येणारा साटा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरपर्यंत देऊ शकतो, त्यामुळे साटावर चालणारा हबच घ्या.

पंखे शक्यतो चार पिनांचेच असू द्या. तीन पिनांच्या पंख्यात ग्राउंड, १२ व्होल्ट आणि वेग कळवणारी तार एवढंच असतं. वेग ठरवणारी पीडब्ल्यूएमची तार नसते. असा पंखा साध्या पीडब्ल्यूएम हबवर सतत पूर्ण वेगाने घोंघावत राहतो. जुना तीन पिनांचा पंखा वापरायचाच असेल तर तो मदरबोर्डच्या वेगळ्या हेडरवर लावा आणि तो हेडर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डीसी मोडवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणाऱ्या मोडवर, ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. पीसी बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. पंखे बसवताना मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे कुठल्या बाजूला आहेत ते बघा; हवा त्या बाजूने बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचे आणि वरचे बाहेर टाकणारे ठेवा. हब मदरबोर्डच्या मागच्या पत्र्यावर चिकटवा.

पंख्याच्या प्लगला एका बाजूला दोन बारीक उंचवटे असतात. हबच्या पिनांमागची प्लास्टिकची पट्टी त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये आली की प्लग अलगद बसतो. जोर लावावा लागला तर प्लग उलटा धरलाय असं समजा. हबवरचं एक पोर्ट वेगळ्या रंगाचं किंवा १ आकडा लिहिलेलं असतं. वेगाची माहिती मदरबोर्डकडे फक्त तिथूनच जाते, म्हणून ते रिकामं ठेवू नका.

मग हबची चार पिनांची तार मदरबोर्डच्या चेसिस फॅन किंवा सिस्टिम फॅन हेडरला जोडा. सीपीयूचा पंखा त्याच्या स्वतःच्या हेडरवरच राहू द्या. शेवटी साटा पॉवर लावा, तीही एसएमपीएससोबत आलेल्याच केबलने. दुसऱ्या कंपनीची मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुटी होणारी) केबल बसते खरी, पण आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि त्यात सामान जळतं. पंख्यांना दिवे असतील तर तीन पिनांचा ५ व्होल्टचा आणि चार पिनांचा १२ व्होल्टचा प्लग यांची गल्लत करू नका.

बायोसमध्ये त्या हेडरला पीडब्ल्यूएम मोड द्या. सीपीयूचं तापमान ४० अंशांपर्यंत असताना ३० टक्के वेग, ६० ला ५० आणि ८० ला १०० टक्के, ही सुरुवातीला चांगली मांडणी आहे. गेम खेळणाऱ्यांच्या पीसीत खरी उष्णता ग्राफिक्स कार्डची असते. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ या मोफत प्रोग्रॅममधून पंखे त्या तापमानाशीही बांधता येतात. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीतली हवाच तापलेली असते, तेव्हा किमान वेग थोडा वाढवा.

स्क्रीनवर दिसणारा वेग मात्र एकाच पंख्याचा असतो. दुसरा एखादा बंद पडला तरी सूचना येणार नाही, म्हणून धूळ साफ करून पीसी परत सुरू केला की बाजूचं झाकण लावण्याआधी सहाही पंखे फिरताहेत ना, ते डोळ्यांनी बघून घ्या.